प्रायोगिक ग्राफिक्स ड्रायव्हर कार्यान्वित करण्याचा प्रश्न : लिनक्समधील एक उदाहरण

लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीत यंत्रसामग्रीकडून काम करवून घेणारा ड्रायव्हर बहुधा कर्नलचाच भाग असतो. कर्नल व इतर आज्ञावल्या एकत्र करून वापरकर्त्याच्या हाती देणे हे डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रिब्युशनचे कार्य होय. ड्रायव्हरमधील एखादी सोय विकासकांनीच ‘प्रायोगिक’ ठरविली असेल, तर ती समाविष्ट करणे आणि ती आपोआप चालू ठेवणे हे दोन भिन्न निर्णय ठरतात. चर्चेत मात्र त्यांची पुष्कळदा गल्लत होते.

एएमडी कंपनीच्या ‘सदर्न आयलंड्स’ पिढीतील कार्डांचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. या पिढीतील रेडिऑन एचडी ७९७० हे कार्ड जानेवारी २०१२ मध्ये बाजारात आले व ते ‘रेडिऑन’ नावाच्या ड्रायव्हरवर चालत असे. २०१५ मध्ये कर्नल ४.२ बरोबर ‘एएमडीजीपीयू’ हा नवा ड्रायव्हर आला. परंतु त्यात या पिढीचा अंतर्भाव डिसेंबर २०१६ मधील कर्नल ४.९ पासून, तोही प्रायोगिक म्हणून, झाला.

नव्या ड्रायव्हरचे आकर्षण होते ते व्हल्कन या ग्राफिक्स प्रमाणकामुळे. मेसा प्रकल्पातील ‘आरएडीव्ही’ हा व्हल्कन ड्रायव्हर केवळ एएमडीजीपीयूवर चालतो. जुन्या ड्रायव्हरवर ओपनजीएल मिळे, व्हल्कन नाही. उलटपक्षी, प्रारंभी या पिढीसाठी नव्या ड्रायव्हरमध्ये चित्रफितींच्या हार्डवेअर डिकोडिंगची सोय नव्हती. म्हणजे एक मिळवताना दुसरे गमवावे लागे. अशा स्थितीत डिस्ट्रिब्युशनने सर्वांसाठी परस्पर निवड न करणेच योग्य होते.

दोन्ही ड्रायव्हर एकच कार्ड ओळखत असले, तरी त्याचा ताबा एकाच वेळी एकालाच घेता येतो. म्हणून कर्नल संकलित करताना हा आधार समाविष्ट केलेला असला, तरी संगणक सुरू होताना कर्नलला दोन सूचना द्याव्या लागत : रेडिऑनसाठी ‘एसआय सपोर्ट’चे मूल्य ० आणि एएमडीजीपीयूसाठी १. पहिली देऊन दुसरी विसरल्यास कार्डाला कोणताच योग्य ड्रायव्हर मिळत नाही आणि पडदा प्राथमिक स्वरूपातच राहतो. अडचणीत सापडलेल्या अनेकांची चूक नेमकी एवढीच असते. यास्तव या सूचना प्रथम ग्रब या आरंभ-मेनूत तात्पुरत्या लिहाव्यात. तेथील बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. बिघाड झाल्यास संगणक पुन्हा सुरू केला की पूर्वस्थिती येते. प्रत्यक्ष कोणता ड्रायव्हर वापरात आहे, हे ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने पडताळल्यानंतरच सूचना ग्रबच्या संरचना-फाइलमध्ये कायम कराव्यात.

२०२६ मधील कर्नल ६.१९ पासून या पिढीच्या स्वतंत्र कार्डांसाठी एएमडीजीपीयू हाच पूर्वनियोजित ड्रायव्हर झाला. त्याहून जुने कर्नल असलेल्या डिस्ट्रिब्युशनवर मात्र उपरोक्त दोन्ही सूचना आवश्यकच राहतात.