लेनवरचं तेल वाचायला शिका

टेनपिन बॉलिंगची लेन कोरडी नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतच्या 60 फुटांपैकी साधारण पहिल्या 40 फुटांवर तेलाचा पातळ थर असतो. तेलात बॉल घसरतो, पुढच्या कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. रोजच्या लेनवर तेल मधे जास्त, कडेला कमी.

खरी गंमत दुसऱ्या-तिसऱ्या गेमला सुरू होते. प्रत्येक बॉल थोडं तेल उचलून नेतो. परत आलेल्या बॉलवर तेलाची वर्तुळं स्पष्ट दिसतात (म्हणून प्रत्येक थ्रोआधी मायक्रोफायबर टॉवेलने तो पुसाच!). मग मघाशी 1 आणि 3 नंबरच्या पिनमधे, म्हणजे पॉकेटमधे जाणारा बॉल लवकर वळून डावीकडे जाऊ लागतो. अशा वेळी मनगट पिळू नका, जोरही लावू नका. उजव्या हाताने खेळत असाल तर पाय दोन फळ्या डावीकडे, नजर लेनवर आखलेल्या बाणांजवळ एक फळी डावीकडे, आणि थ्रो तोच. लेनच्या रुंदीत 39 उभ्या फळ्या असतात, प्रत्येक जेमतेम इंचभर; म्हणजे बदल किती बारीक आहे बघा. बॉल वळायलाच तयार नसेल तर उलट, उजवीकडे सरका. डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी.

माझ्या मते नवा बॉल घेण्याआधी हे सरकणं जमवावं. पिन किती पडल्या यापेक्षा बॉल नेमका कुठे वळला, तिकडे लक्ष ठेवा.