दोन नावांचा एक हमाल

मी शाळा सातवीत सोडली आणि पुढचे शिक्षण मोंढ्यात, हमालबंधूंच्या हजेरीपटावर झाले. तेव्हा संगणकावर बोलणारा हा कोण, असे आपणांस वाटले तर नवल नाही. पण ही विद्या मी हौसेने शिकलो नाही. एका माणसाची दिवाळी बुडत होती म्हणून शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीने हमालांच्या कामाच्या दिवसांची यादी काढली. आमच्या एका माणसाने वर्षभर हळदीची पोती वाहिली होती. यादीप्रमाणे मात्र त्याचे दिवस सानुग्रह रकमेला पुरत नव्हते. कागद चाळता चाळता दिसले की त्याचे नाव दोनदा आले आहे. निम्मे दिवस वर, निम्मे खाली. आडनाव कऱ्हाळे, आमच्या भागात पुष्कळ आढळणारे. छपाई दोन्हीकडे हुबेहूब सारखी. डोळ्यांना माणूस एक, यंत्राला दोन! हे कसे?

यंत्र अक्षर पाहत नाही, आकडा पाहते. युनिकोड नावाच्या जागतिक संकेताने प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला आहे. साधा 'र' २३५२, तर 'ऱ' २३५३. आता 'ऱ्हा' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी उमटवता येतो. एक टंकलेखक 'ऱ' घेऊन त्याला हलन्त देतो. दुसरा साधा 'र' घेतो, हलन्त देतो आणि पुढे ८२०५ क्रमांकाचे, कागदावर न दिसणारे जोडचिन्ह टाकतो. आपण दोन्ही सारखेच वाचतो. यंत्र आकडे ताडून पाहते आणि हे दोन निराळे इसम असे बेधडक सांगते. नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहिली तरी हीच गत.

इलाज सोपा आहे. पायथन ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली. ती फुकट मिळते. तीत चार-सहा ओळींचे आज्ञापत्र लिहायचे, त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक नावाच्या कडेच्या मोकळ्या जागा काढ. र, हलन्त आणि ते जोडचिन्ह दिसले तर त्या जागी ऱ आणि हलन्त घाल. मगच नावे ताडून पाहा. हजारो नावे असली तरी काम क्षणात होते.

येथे मी एक चूक करणार होतो. सारखी ठरलेली नावे यंत्राकडूनच एकत्र करवून घ्यावी, असा माझा बेत होता. एका म्हाताऱ्या मुकादमाने हटकले, "अहो, चुलतभावाचं अन् त्याचं नाव एकच असलं तर?" खरेच तशी एक जोडी निघाली. तेव्हापासून यंत्राने फक्त संशयित जोड्या काढाव्या आणि निर्णय हजेरीपट घेऊन बसलेल्या माणसांनी करावा, असा आमचा रिवाज आहे. नोंदणी क्रमांक ताडणे अधिक भरवशाचे. पण तो क्रमांक यंत्राला मजकूर म्हणून द्यावा. संख्या म्हणून दिला तर ००४७ चे ४७ होतात. बँकेच्या खात्याचेही तेच.

पैशाचीही एक गंमत आहे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर येते ०.३०००००००००००००००४. यंत्र बिघडलेले नसते. आपल्या दशमानात एक तृतीयांश जसा पुरा लिहिता येत नाही, तसा त्याच्या दोनअंकी मोजणीत एक दशांश पुरा बसत नाही. म्हणून हमालीचा हिशेब आम्ही रुपयांत करीतच नाही. सगळे पूर्ण पैशांत मोजतो आणि चिठ्ठीवर छापताना शंभराने भागतो. त्या कऱ्हाळ्यांची दुरुस्त चिठ्ठी अशीच निघाली. दिवस एका नावावर आले, रक्कम दिवाळीनंतर मिळाली.