तुमच्या व्यवसायाचे नाव खरेच तुमचे आहे का?

समजा, गेली आठ वर्षे तुम्ही घरून डबे पुरवत आहात. एके दिवशी जुन्या ग्राहकाचा फोन येतो, ‘ताई, परवाची भाजी आंबली होती हो!’ तुम्ही चक्रावून जाता, कारण परवा तुमचा डबा त्यांच्याकडे गेलेलाच नव्हता. चौकशी केल्यावर कळते की, दोन गल्ल्या सोडून तुमच्याच नावाची दुसरी खानावळ सुरू झाली आहे. पाटीवरची अक्षरेही थेट तुमच्या पाटीसारखीच.

साबण घेताना ग्राहक वडी हातात घेऊन पाहतो. पण डबा, ब्यूटी पार्लर, शिकवणी, मेंदी किंवा एसी दुरुस्ती यांत आधी पाहण्यासारखे काही नसते. ग्राहक येतो तो नावावर विश्वास ठेवून. म्हणूनच सेवा व्यवसायात नाव हीच खरी पुंजी असते.

परवाना म्हणजे मालकी नव्हे

‘माझ्याकडे दुकानाचा परवाना आहे, जीएसटी क्रमांक आहे, मग नाव माझेच ना?’ असा अनेकांचा समज असतो. हे कागद तुम्हाला व्यवसाय करू देतात, नावाची मालकी देत नाहीत. कंपनीची नोंदणी केली किंवा त्या नावाची वेबसाइट घेतली, तरी हेच लागू होते. नावावर आणि बोधचिन्हावर कायदेशीर हक्क मिळतो तो ट्रेडमार्कच्या नोंदणीने. पूर्वीच्या १९५८ च्या कायद्यात ही सोय फक्त वस्तूंसाठी होती. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि सेवांच्या नावांनाही नोंदणीचे दार उघडले.

त्याआधी सेवा व्यावसायिकांना किती झगडावे लागे, याचे उदाहरण अहमदाबादचे आहे. तिथे १९८२ पासून ‘मुक्तजीवन कलर लॅब’ या नावाने फोटो धुऊन देण्याचा व्यवसाय चालत होता. काही वर्षांनी दुसऱ्या एका फोटो व्यावसायिकाने तेच नाव घेतले. मूळ मालकाला खालच्या न्यायालयात आणि उच्च न्यायालयात तातडीची मनाई मिळाली नाही. अखेर डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. दुसऱ्याचे नाव घेतल्याने गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो आणि ती दुसरीकडे वळतात, मग त्यामागे लबाडी असो वा नसो, हे न्यायालयाने मान्य केले. न्याय मिळाला, पण त्यासाठी थेट दिल्ली गाठावी लागली.

नाव निवडताना

‘उत्तम डबा सेवा’ किंवा ‘बेस्ट ब्यूटी पार्लर’ अशी नावे ग्राहकाला लगेच कळतात, पण त्यांची नोंदणी होणे कठीण असते. जे शब्द सेवेचे नुसते वर्णन करतात, ते कायदा सहसा एकाच्या नावे करून देत नाही. तुमच्या कामाशी थेट संबंध नसलेले वेगळे नाव निवडा. पाटी रंगवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ते शोधून पाहा. हा शोध मोफत आहे. उच्चारात मिळतीजुळती नावेही तपासा.

अर्ज कसा करायचा?

वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. त्यांपैकी ३५ ते ४५ हे वर्ग सेवांचे. खानावळ आणि केटरिंग ४३ मध्ये, ब्यूटी पार्लर ४४ मध्ये, शिकवणी आणि नृत्यवर्ग ४१ मध्ये, तर दुरुस्तीची कामे ३७ मध्ये येतात. डब्यासोबत त्याच नावाने मसालेही विकत असाल, तर त्यांच्यासाठी वेगळा वर्ग आणि वेगळे शुल्क लागते.

अर्जाचे नाव टीएम-ए. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असल्यास ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गासाठी ४५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९०००. नोंदणी कार्यालये मुंबई, अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता इथे आहेत. इंदूर किंवा गोव्याचा अर्ज मुंबईकडे जातो, बडोद्याचा अहमदाबादकडे, बंगळुरूचा चेन्नईकडे. अर्ज मात्र घरबसल्या करता येतो.

अर्ज तपासल्यावर आक्षेप निघाला, तर उत्तर द्यायला महिनाभराचीच मुदत असते. म्हणून अर्जात दिलेला ई-मेल नियमित पाहा. पुढे नाव ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापले जाते आणि चार महिन्यांत कुणी विरोध केला नाही, तर नोंदणी होते. ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे टिकते. नंतर दर १० वर्षांनी नूतनीकरण करता येते.

नावापुढे ‘टीएम’ आजही लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावा. त्याआधी लावणे बेकायदेशीर आहे.

बोधचिन्ह काढून घेताना

ओळखीच्या मुलाने पैसे घेऊन बोधचिन्ह काढून दिले, म्हणजे त्याचा कॉपीराइटही तुमचा झाला असे नाही. त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. त्यात मुदतही लिहा, नाहीतर कायद्यानुसार तो हक्क पाच वर्षांपुरताच मानला जातो. नोंदणीसाठी बोधचिन्ह काळ्या-पांढऱ्या रंगात दिले आणि रंगांची अट घातली नाही, तर ते सगळ्या रंगांसाठी नोंदले गेल्याचे मानतात. जमत असेल तर नाव आणि बोधचिन्ह यांचे अर्ज वेगवेगळे करा. उद्या चित्र बदलले तरी नाव सुरक्षित राहील.

कागद जपून ठेवा

नोंदणी नसली तरी हक्क पूर्णपणे जात नाही. जो आधीपासून नाव वापरत आहे, त्याला कायदा संरक्षण देतो. अगदी दुसऱ्याने नोंदणी केल्यावरही. पण ‘आधीपासून’ हे सिद्ध तुम्हालाच करावे लागते. पहिले बिल, तारीख असलेले पत्रक, पाटीचा फोटो, बँकेतल्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. जुन्या वापराचा दावा अर्जात केला, तर प्रतिज्ञापत्रासोबत हेच पुरावे लागतात.

कुणी तुमचे नाव घेतल्याचे दिसले, तर भांडायला जाऊ नका. पाटीचे आणि जाहिरातीचे फोटो काढा, गोंधळलेल्या ग्राहकांचे मेसेज जपा आणि वकिलामार्फत नोटीस पाठवा. पुष्कळदा तेवढ्यावरच पाटी बदलते. नाही बदलली तर नोंदणी असलेल्याला आपल्याच गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, नक्कल दुसऱ्या राज्यात झाली असली तरी.

आणि हो, तो आंबलेल्या भाजीचा फोनही नोंदवून ठेवा. दिवस, वेळ, ग्राहक काय म्हणाला, सगळे लिहा. ज्या तक्रारीने त्या दिवशी मन दुखावले, तीच उद्या न्यायालयात तुमच्या बाजूने उभी राहू शकते.