लेकराला काय कळतंय?

"लहान आहे, जाईल विसरून." मुलांच्या मनाविषयीचा सगळ्यात घातक गैरसमज हाच. शिरूरच्या बेट भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. अशा गावात भीती लेकरांपर्यंत पोचत नाही, असं कसं म्हणायचं? ती शब्दांतून येत नाही, एवढंच. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, ऐन शाळेच्या वेळी पोट दुखतं, खेळातही तोच बिबट्या रोज येतो. याला हट्ट समजून रागावू नये. विषय काढला की भीती वाढते, हेही खरं नाही. "भीती वाटते ना? उसाकडे एकट्यानं जायचं नाही, संध्याकाळी मी न्यायला येईन," असं नेमकं सांगितलं की मुलाला आधार मिळतो. महिना उलटूनही त्रास हटला नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

तान्ह्याबद्दल ऐकू येतं, "सारखं उचललं की सवय लागते." 1972 मध्ये सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांना उलटंच आढळलं: ज्यांच्या रडण्याची लगेच दखल घेतली गेली, ती बाळं वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. पुढच्या अभ्यासांत फरक इतका ठळक दिसला नाही. पण उचलल्याने बाळ बिघडतं, याला पुरावा नाही. बाळाला प्रतिसाद हवाच असतो: एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आई काही मिनिटं निर्विकार चेहऱ्यानं बसली, तेव्हा बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला बोलवायचं आणि मग तोंड फिरवायचं.

दौंड-शिरूरच्या फडांवर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आई पहाटे कोयता घेऊन गेली की कोपीतल्या झोळीला झोका द्यायला आठ-नऊ वर्षांची बहीण उरते. बाळाच्या हसण्याला हसून उत्तर तीच देते. या घरांत मायेची कमतरता नाही, कमी पडते ती उसंत. आणि त्या बहिणीची शाळा बुडते, तिचंही बालपण चाललेलं असतं. म्हणून टोळी उतरली की गावानं तान्ह्याची अंगणवाडीत आणि ताईची शाळेत नोंद करून घ्यायला हवी.

छडीबद्दल वाद उरलेला नाही. 2016 मध्ये सुमारे 1 लाख 60 हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. माराचा संबंध चांगल्या वागणुकीशी दिसला नाही, आक्रमकपणाशी दिसला. शाळेत मारणं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदच आहे.

"ऊसतोड्याचं पोर, त्याचं काय व्हायचं?" हा निकालही चुकीचा. हवाईच्या कावाई बेटावर एमी वर्नर यांनी 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा कित्येक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलं कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं, कुठे आजी, कुठे शिक्षिका.

मुलाबद्दल काळजी वाटली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.