टाकीतलं पाणी उडतं, क्षार उडत नाहीत

तीन फुटी फिश टँकचा पृष्ठभाग साधारण ९० बाय ३० सेंटिमीटर असतो. त्यातली पातळी दिवसात जेमतेम चार मिलिमीटर उतरली, तरी लिटरभर पाणी हवेत गेलेलं असतं. ही तूट आपोआप भरून काढणारी ‘ऑटो टॉप-ऑफ’ यंत्रणा आता बरीच हौशी मंडळी घरी बसवतात. ती खरोखर उपयोगाची आहे, पण तिच्याविषयीचे काही समज माशांच्या जिवावर बेततात.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा समज असा, की पाणी आपोआप भरलं जातंय म्हणजे आता पाणी बदलायला नको. हवेत उडतं ते निव्वळ पाणी. माशांच्या विष्ठेतून तयार झालेले नायट्रेट, पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, सगळं टाकीतच राहतं. मिठागरात होतं तेच इथे होतं, फक्त संथपणे. त्यात वरून बोअरचं पाणी घालत गेलो, तर प्रत्येक लिटरबरोबर नवे क्षार येतात. १०० लिटरची टाकी, रोज १ लिटर तूट आणि ५०० टीडीएसचं (म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं) पाणी असा हिशोब धरा. (पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, कित्येक बोअरचं पाणी त्याहून जड असतं.) महिन्याला १५ ग्रॅम क्षार साठतात, टीडीएस १५०ने वाढतो आणि सहा महिन्यांत ५००चे १४०० होतात. पाणी दिसायला नितळच राहतं, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलत राहिलं, तर हीच वाढ पावणेदोनशेच्या आसपास येऊन थांबते. तेव्हा यंत्र बसवल्यावरही बादली आणि पाइप माळ्यावर टाकू नका.

‘आरओचं पाणी माशांना चालत नाही’ हे अर्धंच खरं आहे. अख्खी टाकी नुसत्या आरओच्या पाण्याने भरली, तर माशांना लागणारे क्षार मिळत नाहीत आणि पीएच स्थिर राहत नाही. तूट भरायला मात्र तेच पाणी उत्तम, कारण क्षार टाकीतून गेलेलेच नसतात. फक्त स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरवर डोळे झाकून विसंबू नका. अनेक मशीन चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, आणि हल्ली तर तांबं सोडणारे प्युरिफायर सर्रास मिळतात. शोभेची कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंही घातक ठरतं. तांब्याच्या कळशीतलं पाणीही म्हणूनच नको.

समुद्री टाकीत मिठाचं पाणी घालून तूट भरणारे लोक आहेत. तेही चूकच. समुद्राची क्षारता दर हजारी ३५च्या आसपास असते. मीठ उडालेलंच नाही, तर ते पुन्हा का घालायचं? तूट गोड्या पाण्यानेच भरायची.

आता यंत्राकडे वळू. स्वस्तातला उपाय म्हणून सलाईनचा सेट लावतात. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो, म्हणजे दिवसाला लिटरभर हवं तर मिनिटाला १४ थेंब. चाकी फिरवून ते लावता येतात, पण सेटला टाकीची पातळी कळत नाही. नागपुरात मे महिन्यात, टाकीवर पंखा चालू असताना बेताची वाटलेली धार जुलैच्या दमट हवेत टाकी वाहवते. स्वयंचलित म्हणायचं तर पातळी बघूनच पाणी सुटलं पाहिजे. कूलरमधला बॉलकॉक हे काम विजेशिवाय करतो. फ्लोट स्विच आणि १२ व्होल्टचा छोटा पंप तेच विजेवर करतात.

पण फ्लोट अडकतो. त्याच्या दांडीवर क्षारांचा थर चढतो, किंवा एखादी गोगलगाय नेमकी त्याच्यावर जाऊन बसते, आणि पंप थांबायचं नाव घेत नाही. म्हणून पहिल्याच्या जरा वर दुसरा स्विच हवा, पहिला फसला तरी पंप बंद करणारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साठा मोजकाच हवा. ‘सरळ नळालाच जोडून टाकू’ असं प्लंबर सुचवेल, ऐकू नका. मोठा कॅन ठेवला की पंधरवड्याची काळजी मिटली, हेही तितकंच फसवं. १०० लिटरच्या समुद्री टाकीत २० लिटर गोडं पाणी एकदम गेलं, तर क्षारता ३५वरून २९वर येते आणि प्रवाळ दगावू शकतात. सहा लिटर गेलं तर ती ३३वर थांबते. पाच-सहा दिवसांच्या तुटीएवढाच साठा ठेवा, आणि एवढं जास्तीचं पाणी काठाखाली मावेल इतकी जागा टाकीत मोकळी सोडा.

नळीचं टोक पाण्यात बुडवलं तर आवाज येत नाही, म्हणून तसं करतात. पण साठा खाली असेल तर पंप थांबताच टाकीतलं पाणी उलटं कॅनमध्ये उतरतं. साठा वर असेल तर पंप बंद असतानाही तो टाकीत रिकामा होत राहतो. टोक टाकीतल्या आणि साठ्यातल्याही पाण्याच्या वरच हवं.

टाकीखाली सम्प (वरून ओसंडलेलं पाणी जमा होऊन रिटर्न पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी) असेल, तर सेन्सर मुख्य टाकीत लावून उपयोग नाही. तिथली पातळी ओव्हरफ्लोमुळे कायम असते. तूट दिसते ती रिटर्न पंपाच्या कप्प्यात. वीज गेली की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, आणि ती परत आली की कप्प्यातली पातळी थोडा वेळ गरजेपेक्षा खाली जाते. यंत्राला ती तूट वाटते. जिथे दिवसातून अनेकदा वीज जाते, तिथे वीज आल्यावर थोडं थांबून मगच चालू होणारा कंट्रोलर घ्यावा.

गावाला जाण्याआधी आठवडाभर तरी यंत्रणा डोळ्यांदेखत चालू द्या. काचेवर चिकटपट्टी लावून पातळी पाहा, आणि दोन्ही फ्लोट एकेक करून बोटाने उचलून पंप खरंच बंद होतो का ते तपासा.