बढती की बदली?

सरकारी नोकराच्या आयुष्यात दोन प्रसंग हमखास येतात: एक बढतीचा, दुसरा बदलीचा. बढती त्याच कचेरीत मिळाली, तर मेज तेच, कपाट तेच आणि कपाटावरची धूळही तीच; दारावरची पाटी तेवढी नवी. बदली झाली म्हणजे मात्र बिऱ्हाड मोडावे लागते. अडगळ आपोआप गळते हे खरे. पण तिच्याबरोबर हवी असलेली एखादी वस्तूही वाटेत हरवते.

संगणकाच्या संसारातही हेच दोन प्रसंग येतात. यंत्राच्या सर्व भागांकडून काम करवून घेणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज १० या व्यवस्थेची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि २०२१ साली आलेल्या विंडोज ११ कडे कसे जावे, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. यंत्र नव्या व्यवस्थेच्या अटींत बसत असेल, तर मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग बढतीचा. चालू व्यवस्थेवरच नवी चढवायची. जुनी व्यवस्था ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या कप्प्यात बाजूला ठेवली जाते; आपली कागदपत्रे, प्रोग्रॅम आणि सोयीच्या मांडण्या नव्या व्यवस्थेच्या हवाली होतात. पसंत न पडल्यास साधारणपणे दहा दिवसांच्या आत परतही फिरता येते. परंतु वर्षानुवर्षे साचलेले निरुपयोगी प्रोग्रॅम आणि जुने बिघाडही या मिरवणुकीत सामील होऊ शकतात.

दुसरा मार्ग बदलीचा. हार्ड डिस्क कोरी करून नवी व्यवस्था पायापासून बसवायची. यंत्र वारंवार अडत असेल किंवा त्यात घातक प्रोग्रॅम शिरल्याचा संशय असेल, तर हाच मार्ग श्रेयस्कर. मात्र येथे परतीची वाट नाही. जे आधी बाहेर काढून ठेवले नाही, ते गेलेच म्हणून समजावे.

मी हा दुसरा मार्ग पत्करला, तेव्हा सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. त्यांत माझ्या दिवंगत वडिलांच्या आठवणी होत्या. वीस वर्षांपूर्वी त्यांनी त्या स्वतः टंकलिखित केलेल्या. नवे बिऱ्हाड लागल्यावर ती फाईल उघडली, तो पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग! फाईल शाबूत होती. हरवला होता तो तिचा फॉन्ट. त्या काळचे अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवीत. फॉन्ट गेला की खालचे रोमन अक्षर उघडे पडे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे ही आपत्ती येत नाही. सुदैवाने एका जुन्या पेनड्राइव्हवर तो फॉन्ट सापडला आणि वडील पुन्हा मराठीत बोलू लागले. मी पहिले काम केले ते त्या आठवणी युनिकोडमध्ये आणण्याचे.

तेव्हा सल्ला इतकाच. यंत्र निरोगी असेल तर बढती पुरेशी आहे. दुखणाईत असेल तर बदली करावी. पण कोणताही मार्ग धरण्यापूर्वी कागदपत्रांची प्रत यंत्राबाहेर ठेवावी, जुने फॉन्ट सोबत घ्यावेत आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. शिवाय ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, चार ओळी वाचून पाहाव्यात. नुसती मोजलेली गाठोडी म्हणजे पोचलेले सामान नव्हे, हे बदलीचा अनुभव असलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.