वंध्यत्वाच्या केसपेपरवरील रिकामी जागा

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या स्त्रीच्या केसपेपरवर पाळीच्या तारखा, सोनोग्राफीतील स्त्रीबीजाचे माप, थायरॉईड, पतीची वीर्यतपासणी असे सारे काही असते. तिला झोप लागते का, मन कशात रमते का, शरीरसंबंध तिला सुखाचा वाटतो की वेदनेचा, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. प्रस्तुत लेख या रिकाम्या जागेविषयी आहे.

पीसीओएस हा विकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा. अनियमित पाळी, वाढते वजन, मुरुमे, हनुवटीवरील केस ही लक्षणे आपण औषधाच्या दृष्टीने पाहतो; ती स्त्री मात्र ती रोज आरशात पाहते. या स्त्रियांमध्ये नैराश्य व चिंता यांचे प्रमाण अधिक आढळते. म्हणूनच २०१८ च्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत निदानाच्या वेळीच या दोहोंची चाचपणी करावी, आणि लैंगिक स्वास्थ्याविषयी रुग्णेची परवानगी घेऊन विचारावे, असे सांगितले आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, नेहमीच्या गोष्टींतील गोडी गेली का, एवढ्या दोन प्रश्नांनीही आरंभ होऊ शकतो. त्यास यंत्र लागत नाही.

एंडोमेट्रिऑसिसची कथा निराळी. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढते, त्यामुळे पाळीत आणि समागमातही खोलवर वेदना होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. ‘सुरुवातीला दुखतेच’ असे थोरल्या बायका सांगतात. ती सोसते, मग टाळू लागते. पतीला वाटते, हिला आपण नकोसे झालो. पुढे मूल होत नाही याचा दोष याच टाळण्यावर येतो.

त्यात आमचे उपचार भर घालतात. गोळ्या देऊन आम्ही तारखा लिहून देतो. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे एक-दोन खोल्यांत राहतात. पतीची लूमवर बारा तासांची रातपाळी, पलीकडे सासू-सासरे, आणि हातात डॉक्टरांचा कागद : आज रात्री! अशा वेळी कामेच्छा उरत नाही, पुष्कळदा पुरुषाचेही शरीर साथ देत नाही. वस्तुतः शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून नैसर्गिक प्रयत्नांत दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तरी पुरे. विशिष्ट रात्रीचा आग्रह बहुधा अनावश्यक असतो. हे दोघांनाही समोर बसवून सांगितले की त्यांचा चेहरा सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

बाहेर समाज आहेच. ‘काय, काही गोड बातमी?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी टोचतो. डोहाळजेवणात तिला ओटी भरू न देणाऱ्या सुशिक्षित घरांना काय म्हणावे?

या विषयावर मराठीत बोलणे नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांचा विषय मूल नको असणाऱ्यांचा होता. परंतु कामसुखावर स्त्रीचाही हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे मूल हवे असणाऱ्या स्त्रीलाही लागू पडते.

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने टेस्टट्यूब बेबी केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. पण तेथवर पोहोचण्यापूर्वी ती स्त्री कित्येक वर्षे आपल्यासारख्या फॅमिली डॉक्टरांकडे येत असते. तेव्हा पाच मिनिटे सासूबाईंना बाहेर बसवावे. ‘काही खासगी विचारले तर चालेल ना?’ असे म्हणून, तिच्या बोलीत, वेदनेपासून सुरुवात करावी. होकार न आल्यास विषय तेथेच थांबवावा. पुढच्या भेटीत पुष्कळदा तीच तो काढते.